कोष्टकातील टेकडी

आजचा विषय ऐकून ‘मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाचा संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरशी काय संबंध?’ असे काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गणिताचे सर माझे स्नेही होते. नकाशावरील एकेक समोच्च रेषा पुठ्ठ्यावर उतरवून, कापून, थरावर थर चिकटवून त्यांनी मुलांकडून येळ्ळूरच्या राजहंसगडाची टेकडी करवून घेतली होती. तेच काम संगणक कसे करतो, हे अलीकडे माझ्या नातीने मला शिकविले. ते मी माझ्या परीने सांगतो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘आर’ नावाची संगणकभाषा घडविली. १९९५ पासून ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यासोबत सरावासाठी काही कोष्टके येतात, त्यांपैकी एकाचे नाव ‘व्होल्केनो’. ऑकलंड शहरातच माउंट ईडन, माओरी भाषेत माउंगा फाउ, ही ज्वालामुखीची जुनी टेकडी आहे. तिच्या नकाशावरून इहाका यांनी दहा-दहा मीटर अंतरावरील उंची टिपल्या. ८७ ओळी आणि ६१ स्तंभ, म्हणजे ५३०७ संख्या. सर्वांत लहान ९४, सर्वांत मोठी १९५. हे आकडे अचूक मानू नयेत, असा प्रांजळ इशाराही कोष्टकासोबत दिलेला आहे.

या संख्यांचे चित्र ‘पर्स्प’ ही आज्ञा काढते. शेजारच्या चार बिंदूंची एक चौकट, अशा चौकटी एकमेकींस जोडून जाळे तयार होते. त्यालाच गणितात पृष्ठ म्हणतात. (‘पृष्ठ’ म्हणजे मुळात पाठ, हे भाषेच्या माणसाला येथे आठवल्यावाचून राहत नाही; कारण चित्रात न दिसणारी बाजू असतेच.) पाहणाऱ्याने कोठे उभे राहावे, हे दोन कोनांनी ठरते. ‘थीटा’ बदलला की आपण टेकडीभोवती फिरतो, ‘फाय’ वाढविला की वर चढून खाली पाहू लागतो. फाय शून्यावर आणला, तर पुढच्या कड्यामागे विवराचा तळ झाकला जातो आणि ज्वालामुखीची साधी टेकडी होते. कोष्टकातील एकही आकडा बदललेला नसतो.

माझी फसगत मात्र कोनाने नव्हे, उंचीने केली. पहिले चित्र पडद्यावर उमटले तेव्हा मी भारावून गेलो आणि ऑकलंडला राहणाऱ्या माझ्या भाच्याला लिहिले की, तुझ्या शहरात असा सुळक्यासारखा उभा डोंगर असेल याची मला कल्पना नव्हती. त्याचे उत्तर आले, ‘मामा, त्या टेकडीवर आम्ही लहान मुलांना घेऊन फिरायला जातो.’ मग नातीने उलगडा केला. काही न सांगितल्यास ‘पर्स्प’ लांबी, रुंदी आणि उंची या तिघींना एकाच मापाच्या पेटीत बसविते. येथे लांबी ८६० मीटर, उंचीतील फरक १०१ मीटर. दोन्ही समान दाखविल्यावर उंची लांबीच्या मानाने सुमारे साडेआठ पट फुगते. ‘स्केल’ हे कलम बंद केले की प्रमाण खरे राहते. पण मग टेकडी इतकी बसकी दिसते की, ‘आर’च्या मदत-पानावरील उदाहरणातही उंची मुद्दाम दुप्पट केलेली आहे. तेथे तसे लिहिलेले मात्र आहे. मी चित्र पाहिले, कलम पाहिले नाही.

कोष्टक नसेल तर सूत्र चालते. ‘आउटर’ ही आज्ञा आडव्या-उभ्या बिंदूंच्या प्रत्येक जोडीसाठी सूत्राची किंमत काढते. केंद्रापासूनचे अंतर ‘र’ धरून, त्याच्या साइनला ‘र’ने भागून दहाने गुणले की मेक्सिकन टोपीसारखे पृष्ठ मिळते. उणे दहापासून दहापर्यंत एकेकाच्या अंतराने २१ बिंदू घेतले, तर नेमका मध्यावर शून्याला शून्याने भागण्याचा प्रसंग येतो आणि टोपीच्या शेंड्यावर चार चौकटी गळून भोक पडते. तेथे १० ही किंमत आपणच भरावी लागते, कारण केंद्राकडे जाताना सूत्र त्याच किमतीकडे जाते. वीस बिंदू घेतल्यास शून्य वगळले जाते आणि भोक पडतच नाही. अडचण मात्र सुटलेली नसते, केवळ टळलेली असते.

वक्र काढणे त्यामानाने सोपे. बिंदूंची माळ घ्यावी, ‘ट्रान्स३डी’ने तिचे कागदावरील स्थान काढावे, रेघ ओढावी. मात्र टेकडीवर पायवाट काढाल, तर ती पलीकडच्या उतारावरही दिसत राहील. जणू टेकडी काचेची. रेघ पृष्ठामागे दडावी, हे या आज्ञेला कळत नाही. ते हवे असल्यास ‘आरजीएल’ हा जोडसंच वापरावा. त्यात चित्र माउसने फिरविताही येते.

शाळेच्या कपाटातील पुठ्ठ्याची टेकडी गेल्या महिन्यात पुन्हा पाहिली. तळाशी सरांच्या अक्षरात आडवे प्रमाण, उभे प्रमाण आणि उत्तर दिशेचा बाण आहे. नातीने आता तिचे आकडे उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. थर मोजायला आठवीची दोन मुले तिला मदत करतात.