वृत्तपत्र आणि जागृत समाज

वृत्तपत्र हे केवळ बातम्या कळविण्याचे साधन नव्हे. मुक्या समाजाला ते बोलते करते. याचे उदाहरण आपल्या कोल्हापूरच्या भूमीतच आहे.

मुंबई इलाख्यात वृत्तपत्रे पुष्कळ होती; परंतु अस्पृश्यांच्या प्रश्नांना त्यांत जागा नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले.

लगोलग २१ व २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. शाहू महाराज स्वतः उपस्थित राहिले. सार्वजनिक रस्ते, विहिरी, शाळा वापरण्याचा हक्क ठरावांनी मागितला गेला. ‘मूकनायक’ने परिषदेचा वृत्तांत छापला, म्हणून माणगावची मागणी माणगावपुरती राहिली नाही. सभा मागणी करते. पत्र ती नोंदवून दूरवर पोहोचविते.

१९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे रकाने बाबासाहेबांना बहुतांशी एकट्यानेच लिहावे लागत. संपादक कितीही थोर असला, तरी वर्गणीदार आणि गावोगावचे वार्ताहर नसतील तर पत्र टिकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वस्तीतील कोरडा नळ किंवा रखडलेली शिष्यवृत्ती ही बातमीच आहे. अर्ज द्या, त्याची पोच घ्या. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने माहिती मागा. मग कागदपत्रांसह वार्ताहराला भेटा. बातमी छापून आली की तिचे कात्रण घेऊन ग्रामसभेत उभे राहा. कात्रण वहीत राहिले, तर काम अर्धेच राहील.