रिसर्च करून काय मिळतं?

मिरजोळे एमआयडीसीत नोकरी मिळत असेल तर पीएचडीत पाच वर्षं कशाला घालवायची? तुम्हालाही पडलाय ना हा प्रश्न? मग आपल्याच जिल्ह्यातल्या पां. वा. काणेंकडे बघा. आधी रत्नागिरीत हायस्कुलात शिकवलं, पुढे मुंबईत वकिली केली. पोट त्यावर चाललं, पण धर्मशास्त्राच्या इतिहासाचा अभ्यास सुटला नाही. पहिला खंड १९३० मध्ये आला, पाचवा १९६२ मध्ये पुरा झाला. तेव्हा वय ८२, पानं साडेसहा हजारांच्या आसपास! भारतरत्न १९६३ चं. पण अभ्यासक आजही ते खंड उघडतात, ही खरी कमाई. पगार किती, हे जरूर विचारा. सोबत स्वतःला हेही विचारा, तीस वर्षं पुरेल असा प्रश्न आपल्याकडे आहे का?