खेळाचे छायाचित्र पुसट का येते?

सायंकाळी शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत चालू आहे. आपण कॅमेरा रोखून बटण दाबतो. चित्रात मागचे झाड स्वच्छ दिसते, पण धावपटूच्या जागी नुसता फराटा! असे का व्हावे?

समजा, धावपटूचा वेग सेकंदाला ८ मीटर आहे. कॅमेऱ्याचे शटर १/६० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो सुमारे १३ सेंटिमीटर पुढे जातो. चौकटीत मैदानाची ४ मीटर रुंदी मावली असेल आणि चित्र १५ सेंटिमीटर रुंद छापले, तर त्यात ५ मिलिमीटरचा फराटा उमटेल. शटर १/१००० सेकंदच उघडले, तर हाच फराटा ०.३ मिलिमीटर होतो. तो सहसा नजरेत भरत नाही. कॅमेऱ्यावर 'एस' किंवा 'टीव्ही' अशी खूण असेल, तर ती निवडून हा काळ आपल्याला ठरवता येतो.

मात्र काळ सुमारे सोळा पटींनी घटला, की आत येणारा प्रकाशही तितकाच घटतो. तो भरून काढावा लागतो. भिंगाचे छिद्र एफ/११ वरून एफ/५.६ वर आणले, तर चौपट प्रकाश मिळतो. आयएसओ १०० ऐवजी ४०० केला, तर प्रतिमा आणखी चौपट उजळते. चार चोक सोळा, हिशेब जुळला! पण छिद्र मोठे केल्याने पुढच्या-मागच्या वस्तू अस्पष्ट होतात आणि आयएसओ वाढवल्याने चित्र रवाळ दिसू लागते.

प्रकाश फारच कमी असेल तर काय करावे? येथे पदार्थविज्ञान मदतीला येते.

पहिला उपाय जागेचा. खेळाडू आडवा धावत असता प्रतिमा सर्वांत जास्त सरकते, समोरून येत असता फार कमी. म्हणून शर्यतीच्या शेवटच्या रेषेपलीकडे, धावपटूंच्या वाटेत येणार नाही अशा बेताने उभे राहावे.

दुसरा उपाय क्षणाचा. व्हॉलीबॉलच्या जाळ्याजवळ सरळ वर उडी घेणाऱ्या खेळाडूचा वेग उडीच्या माथ्यावर क्षणभर शून्य होतो. उडीतील निम्मा वेळ तर वरच्या पाव उंचीतच जातो! तो क्षण साधला, तर १/२५० सेकंदातही चेहरा स्पष्ट येतो. जोरात फिरणारा हात मात्र पुसट राहील.

तिसरा उपाय सापेक्ष वेगाचा. सायकलस्वाराच्या गतीने कॅमेरा वळवत १/६० सेकंदात चित्र घ्या. कॅमेऱ्याच्या दृष्टीने स्वार जवळजवळ स्थिर राहतो आणि मागची झाडे पळतात. चित्रात वेग दिसतो तो त्यामुळेच.

आता एक प्रयोग. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून समोरून आडव्या जाणाऱ्या सायकलचे १/६० सेकंदात चित्र घ्या. सायकलच्या सांगाड्यावर आधीच एक पांढरा ठिपका चिकटवा. त्याच जागी सायकल उभी करून दुसरे चित्र घ्या. त्यावरून चित्रातील एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात किती, हे काढता येईल. ठिपक्याच्या फराट्याची प्रत्यक्ष लांबी सेंटिमीटरमध्ये काढून तिला ६० ने गुणा. आलेले उत्तर म्हणजे सायकलचा दर सेकंदाचा वेग. फसलेले वाटणारे चित्रही असे वेगमापक होऊ शकते.