नजर खाली, लक्ष तुमच्याकडे

दोन्हीकडून शेरा

जळगाव-धुळ्याकडे मोठ्यांसमोर खाली बघणारा मुलगा गुणी ठरतो. तोच पंचविशीत एमआयडीसीत मुलाखतीला गेला की ‘आत्मविश्वास नाही’ आणि सराफ बाजारात कामाला लागला की ‘काहीतरी लपवतोय’. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या प्रौढाच्या बाबतीत हे तिन्ही निष्कर्ष चुकतात.

होतं काय?

2017 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्यांना चेहरे दाखवून फक्त डोळ्यांकडेच पाहायला लावलं. तेव्हा त्यांच्या मेंदूच्या आतल्या भागांत नेहमीपेक्षा जास्त हालचाल दिसली. नजर वळवणं म्हणजे बेपर्वाई नव्हे. तो त्रास कमी करण्याचा मार्ग आहे. डोळ्यांत पाहिलं की समोरच्याचं बोलणंच डोक्यात शिरत नाही, असंही अनेक जण सांगतात.

काय करता येईल?

रोखून पाहण्याचा सराव करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. भुवयांकडे पाहण्याची युक्ती दहा मिनिटं चालते, दिवसभर केली तर संध्याकाळी माणूस गळून जातो. त्यापेक्षा बसण्याची जागा बदला. समोरासमोर न बसता टेबलाच्या कोपऱ्याला बसा, हातात वही ठेवा. महत्त्वाचं बोलणं जळगावात मेहरूण तलावाकाठी किंवा धुळ्यात पांझरा नदीच्या काठाने चालताना करा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही नजर खाली ठेवली तरी चालेल. पोह्यांकडे बघायला तर सबबही आयती! आणि सुरुवातीलाच सांगून टाका, ‘‘मी खाली बघत असलो तरी ऐकतोय.’’

प्रमाणपत्र घेताना

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’ ही चाचणी वापरतात. तिच्या 40 मुद्द्यांतला पहिलाच नजरेचा. वर्षानुवर्षं नजर मिळवण्याचं नाटक शिकलेल्यांचं इथे नुकसान होऊ शकतं. तिथे नाटक नको. लहानपणापासून ओळखणारं घरचं माणूस सोबत न्या.

नोकरीचा हक्क

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का ज्या गटाला आहे, त्यात तो येतो. शिवाय सरकारी आस्थापनेने वाजवी सोय करून द्यावी, असंही कायदा सांगतो. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प दिव्यांग तरुणांची स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतो. मुलाखतीचं पत्र आलं, की आपली अडचण दोन ओळींत आधीच लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.