किती प्रती काढायच्या?

तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलेलं ड्रायपॉइंट चित्र छापत गेलं, की रेघांच्या कडा दाबाखाली बोथट होतात. काही डझन छापांनंतर पहिल्या छापातला मखमली काळेपणा उरत नाही. आवृत्तीची मर्यादा तांबंच ठरवतं. डिजिटल फाइल मात्र झिजत नाही. तिची दहा लाखावी प्रतही पहिलीइतकीच टवटवीत! त्यामुळे आकडा कलाकारालाच ठरवावा लागतो. तो ब्लॉकचेनवरच्या करारात लिहिला, की कोणालाही तपासता येतो. (तपासता येते ती नोंद. चित्र कोणीही उतरवून घेऊ शकतं, ते वेगळं.)

२०२१ साली दोन टोकं दिसली. मार्चमध्ये ख्रिस्तीज या लिलावगृहाने डिजिटल कलाकार बीपल यांच्या ‘एव्हरीडेज’ची एकमेव प्रत सुमारे ६.९३ कोटी डॉलरना विकली. डिसेंबरमध्ये पाक या टोपणनावाच्या कलाकाराने ‘द मर्ज’साठी आकडा बांधलाच नाही. ठरावीक मुदतीत कोणीही हवी तितकी एककं घ्यावीत. २८ हजारांहून अधिक जणांनी ती घेतली आणि सुमारे ९.१८ कोटी डॉलर जमले. गंमत पुढेच आहे: या एककांची दोन टोकन (म्हणजे ब्लॉकचेनवरच्या मालकीच्या नोंदी) एकाच डिजिटल पाकिटात आली, की ती मिसळून एक होत. म्हणजे हात बदलताना एकूण संख्या घटतच जाणार. मला हा डाव बीपलच्या विक्रमापेक्षा चतुर वाटतो.

नवख्याने मात्र ओळखीचे ग्राहक मोजून त्याहून थोड्या कमीच प्रती काढाव्यात, आणि जाहीर केलेला आकडा रंग किंवा आकार बदलून मागच्या दाराने वाढवू नये.