३.५ की ३.०५?

मुलांना लांबी शिकवताना आधी पट्टीचं टोक बघायला लावा. बऱ्याच पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसतं, जरा आत असतं. मुलं कडेपासून मोजतात आणि पेन्सिल उगाच आखूड भरते. काही जण १ पासून सुरू करतात, मग तीच पेन्सिल एक सेंटिमीटरने वाढते!

खरी गोची रूपांतरात. ३ मीटर ५ सेंटिमीटर म्हणजे हमखास ‘३.५ मीटर’ लिहितात. तिथे रुपये-पैसे काढा: ३ रुपये ५ पैसे कसे लिहाल? ३.०५! रुपयाचे १०० पैसे, मीटरचे १०० सेंटिमीटर. (पैसे हल्ली फक्त बिलावर दिसतात, पण चालतं.)

आणि शिंप्याची १५० सेंटिमीटरची टेप फळ्यावर चिकटवा. दीड मीटर केवढा, ते मुलं स्वतःच्या उंचीशी लावून बघतात.