पाण्याकडे ओढणारा नारू, पाण्याला भिववणारा रेबीज

घरात सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील आणि त्यांचे बालपण महाराष्ट्रातल्या खेड्यात गेले असेल, तर त्यांना एकदा ‘नारू’ म्हणजे काय ते विचारा. पुष्कळांनी तो पाहिलेला असतो. काहींनी अंगावर सोसलेला असतो.

पायाला फोड यायचा. विस्तव ठेवल्यासारखी आग व्हायची. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके काढायचा. तो जोराने ओढला तर तुटायचा, आणि तुटला की पाय सुजून पू व्हायचा. म्हणून त्याला काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. नारूची मादी जवळजवळ एक मीटर लांब असते. ती पुरती निघेपर्यंत कित्येक आठवडे जात. बहुधा हे उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर होई. हातावर पोट असलेल्या माणसाने महिना-महिना खाटेवर पडून राहायचे म्हणजे घरात चूल कशी पेटायची?

वाचकहो, या फोडाची एवढी आग का होत होती? नारूच्या डावाची सारी मेख त्या आगीतच आहे.

नारूचे अर्धे आयुष्य माणसाच्या अंगात जाते आणि अर्धे पाण्यात. अंगातल्या मादीच्या पोटात लाखो पिल्ले तयार असतात, पण ती पाण्यात पडली तरच जगतात. आता कातडीखाली अडकलेल्या या जंताने पाण्यापर्यंत जायचे कसे? त्याला ना पाय ना पंख. पाय आहेत ते माणसाला. म्हणून तो त्या पायालाच आग लावतो. आग असह्य झाली की माणूस काय करणार? बारवेच्या पायऱ्या उतरून, गार पाण्यात पाय सोडून बसणार. पाणी लागताच फोड फुटतो आणि नारूची पिल्ले पाण्यात सुटतात. माणसाला वाटते, मी पाय थंड करायला आलो. खरे तर त्याला तिथवर नारूने आणलेले असते.

पुढची हकीकत फेदचेन्को नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास मध्य आशियात शोधून काढली. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा ठिपक्याएवढा जीव असतो. तो ही पिल्ले खातो आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्ले त्याच्या पोटात वाढतात. ते पाणी कोणी न गाळता प्यायले की सायक्लॉप्स आपल्या पोटात मरतो, पिल्ले मोकळी होतात, आतड्याची भिंत भेदून आत शिरतात. वर्षभर माणसाला काहीच कळत नाही. वर्षाने पुन्हा फोड, पुन्हा आग, पुन्हा बारव.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या बारवेत उतरायला आपल्या आज्या-पणज्यांना बंदी होती, तिथलेच पाणी पिऊन वरच्या आळीतल्या लोकांनाही नारू होत होता. आपल्या माणसांच्या वाट्याला डबक्याचे, नाल्याचे पाणी येई. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स तिथेही होताच. विटाळ मानणाऱ्यांनी माणसे पाण्यापासून दूर ठेवली, पण ज्याला दूर ठेवायला हवे होते तो जंत मात्र पायऱ्या उतरून रोज पाण्यात जात होता.

नारूवर औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही. तरी तो आपल्या देशातून गेला. १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रोगी होते आणि महाराष्ट्र हे बाधित सात राज्यांपैकी एक होते. त्याची वाट ठाऊक झाली होती, तीच अडवण्यात आली. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा त्यांना कठडे बांधून पोहऱ्याने पाणी काढायची सोय केली. हापसे खणले. विहिरीत सायक्लॉप्स मारणारे औषध टाकले. घरोघरी बायांना पाणी दाट कापडातून गाळायला सांगितले. फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू दिले नाही. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. जगभरात १९८६ साली अंदाजे ३५ लाख रोगी होते. २०२३ साली अवघे १४. ते सारे आफ्रिकेतले. इतक्या मोठ्या कामात बायांच्या हातातल्या गाळण्याच्या फडक्याचा केवढा वाटा आहे, हे कोणी फारसे सांगत नाही.

नारू माणसाला नुसती वेदना देतो. डोक्याला हात लावत नाही. पण डोक्यात शिरून वागणूक बदलणारे जीवही निसर्गात आहेत.

दक्षिण फ्रान्समध्ये जंगलाच्या कडेला एक पोहण्याचा तलाव होता. तिथे रात्री रातकिडे येऊन पाण्यात उड्या टाकत. रातकिडा हा काही पाण्यातला जीव नव्हे. मग हा आत्मघात कशासाठी? फ्रेडरिक तोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २००२ साली तो प्रसिद्ध केला. पाण्यात पडताच त्या रातकिड्यांच्या अंगातून केसासारखा बारीक आणि किड्याच्या कितीतरी पट लांब जंत वळवळत बाहेर पडे. हा जंत किड्याच्या पोटात वाढतो, पण जोडीदार मिळवून अंडी घालायला त्याला पाणीच लागते. अशा बाधित किड्याच्या मेंदूतली रसायने बदललेली असतात, असे पुढच्या संशोधनात दिसले. उडी किड्याची, गरज जंताची.

आता जो सांगणार आहे तो जीव नारूच्या नेमका उलटा. नारू पाण्याकडे नेतो, हा पाण्याला भिववतो. रेबीजचा विषाणू.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत हा विषाणू असतो. कुत्रे चावले की तो जखमेत उतरतो आणि मज्जातंतू धरून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला सहसा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभरही पुरतो. चेहऱ्याला, डोक्याला किंवा हाताला चावा असेल तर वाट लहान. मेंदूत पोचल्यावर तो लाळेच्या ग्रंथीत उतरतो. तिथून दुसऱ्या अंगात जाण्याचा त्याचा मुख्य रस्ता म्हणजे चावा. आणि नेमक्या त्याच वेळी गरीब स्वभावाचे कुत्रेसुद्धा दिसेल त्याच्यावर धावून जाते. (काही कुत्री मात्र पिसाळत नाहीत, गप्प पडून राहतात, जबडा लुळा पडतो. तीही तितकीच धोक्याची.) २०१७ साली अमेरिकेतल्या अलास्कामधील संशोधकांनी या विषाणूच्या प्रथिनाचा फक्त एक तुकडा उंदरांच्या मेंदूत सोडला. उंदीर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सैरावैरा पळू लागले.

माणसाला पाण्याची भीती वाटते म्हणजे काय? घोट घेताच घशाचे स्नायू असे आवळतात की जीव कासावीस होतो. मग पेला दिसला तरी अंग थरथरते, वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. गिळता येत नाही म्हणून विषाणूने भरलेली लाळ तोंडातच साचते. घसा आवळून आवाज घोगरा निघतो, त्यालाच लोक ‘कुत्र्यासारखा भुंकतो’ म्हणतात. शेजारीपाजारी कुजबुजतात, बाहेरचे काही तरी अंगात आले आहे. अंगात आलेले असतेच, पण ते भूत नव्हे. या अवस्थेतून माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

म्हणून जे करायचे ते आधी करायचे. तो मधला प्रवासाचा काळ हीच आपली संधी. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला, तो याच संधीमुळे.

आणि याच काळाचा फायदा भगतही उठवतो. चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. त्यामुळे मंतरलेला दोरा बांधून घेतलेले पुष्कळ जण धडधाकट राहतात आणि त्याचा गवगवा होतो. ज्यांना खरोखर पिसाळलेले कुत्रे चावले होते, ते सांगायला मागे उरत नाहीत. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. आपली मुले गल्लीत खेळतात. घरी मार बसेल या भीतीने चावल्याचे लपवतात. तेव्हा आयांनो, मुलगा लंगडत आला तर आधी रागावू नका, जखम बघा.

कुत्रे, मांजर किंवा माकड चावले, नखाने ओरबाडले, तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुवा. साध्या धुण्याच्या साबणानेही चालते, कारण या विषाणूभोवती चरबीचे वेष्टन असते आणि साबण ते फोडतो. चुना, मिरची, तेल, हळद काही भरू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. पोटातली चौदा इंजेक्शने कधीच बंद झाली आहेत. आता लस दंडात देतात. पहिल्या इंजेक्शनानंतर ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी पुढच्या मात्रा असतात. काही ठिकाणी कातडीत टोचतात, त्यात १४ व्या दिवसाची मात्रा नसते. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे सीरमही भरावे लागते, ते डॉक्टरांना आपणहून विचारा. कुत्रे मरते की जगते हे बघत बसू नका. दवाखान्यातून तारखा लिहिलेले कार्ड मिळते. ते रेशनकार्डाबरोबर ठेवा, आणि त्या दिवशी रोज बुडाला तरी मुलाला घेऊन जा.